उशिराचा रकाना

"आप्पा, मोजा."

"हो."

"हातात धरून बसायचा नाही, पायात घालायचा."

"घालतो ना."

आप्पा पलंगाच्या काठावर बसले होते. डाव्या पायात मोजा होता, उजव्या पायातला हातात होता. मी आत जाऊन चहा टाकला, उकळला, गाळला, कप आणून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. मोजा अजून हातातच होता. ते कसला विचार करत होते म्हणावं तर तसंही नव्हतं. विचारात पडलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. आप्पांचा चेहरा रिकाम्या स्टँडसारखा दिसत होता.

मी खाली बसले, मोजा घेतला आणि त्यांच्या पायात चढवला.

"मी घालणार होतो," आप्पा म्हणाले.

"माहितीये."

मोजा चढवून झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, "किती वाजले?"

त्यांनी भिंतीकडे बघितलंही नाही. "सात बावन्न. कराड गाडी आत लागली असेल."

हेच मला कळत नसे. माझे वडील ज्ञानदेव सुतार एसटीत वाहतूक नियंत्रक होते. विट्याच्या स्टँडवर खिडकीत बसून त्यांनी सव्वीस वर्षं गाड्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी केल्या. दिवाळीच्या आधी आकाशकंदील टांगायला घडीच्या शिडीवर चढले आणि तिथून पाठीमागे पडले. सांगलीला डोक्याचं ऑपरेशन झालं. वाचले. बोलत होते, चालत होते, सगळ्यांना ओळखत होते, कुठली गाडी किती वाजता कुठून सुटते हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत होते. पण आंघोळीला जा म्हटलं की 'जातो' म्हणायचे आणि बसून राहायचे. उठवून बाथरूमच्या दारात नेलं तर दारात उभे राहायचे. नोकरीतून त्यांना लवकर निवृत्ती घ्यावी लागली. आई सहा वर्षांपूर्वीच गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी चोवीस वर्षांची होते आणि गावातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढत होते.

सांगलीला शुभदा मॅडम म्हणून एक बाई होत्या. अशा माणसांना रोजची कामं पुन्हा शिकवणं हे त्यांचं काम. एप्रिलमध्ये त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "काय करायचं ते त्यांना कळतं. कसं करायचं तेही कळतं. सुरुवात होत नाही, एवढंच. आणि एक काम झालं की पुढचं कुठलं, ते सुचत नाही. ती ओळ आपण बाहेरून लावून द्यायची."

त्यांनी इंटरनेटवरून काढलेला एक छापील कागद माझ्या हातात ठेवला. वर उगवत्या सूर्याचं चित्र, डावीकडे तास, मधे कामासाठी रेघा आणि उजवीकडे छोटे छोटे चौकोन. सगळं इंग्रजीत.

"असे शेकडो फॉर्म मिळतात. आवडेल तो छापून घ्यायचा. रोज एक कागद. काम झालं की चौकोनात खूण."

"एवढ्यानं होईल?"

"काही जणांचं होतं," मॅडम म्हणाल्या. "करून बघा."

मी तो फॉर्म ऑफिसात मराठीत करून घेतला. सूर्य काढून टाकला. आप्पांना वाचायला सोपं जावं म्हणून अक्षरं मोठी ठेवली. सातला दात, सव्वासातला चहा, साडेसातला फिरणं, नऊला आंघोळ, दहाला पेपर, अकराला कुंड्यांना पाणी, एकला जेवण, दोनला गोळी, चारला कपड्यांच्या घड्या, सातला देवापुढे दिवा. तीस प्रती छापल्या, एका पॅडला लावल्या आणि दोरीनं पेन बांधून पॅड पलंगाशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

मी असले की खुणा होत. "आप्पा, कागद बघा," म्हटलं की ते बघत, उठत, काम करत आणि येऊन खूण करत. मी साडेआठला ऑफिसला गेले की बहुतेक चौकोन कोरे राहत. संध्याकाळी येऊन बघावं तर पेपर वाचलेला असायचा, कारण तो उशाशीच असायचा. बाकी काही नाही. कधी जेवण व्हायचं, कधी नाही. दोनच्या गोळीसाठी मी ऑफिसातून फोन करायची. ती फिट येऊ नये म्हणूनची गोळी होती, चुकवून चालणार नव्हतं. फोनवर मी 'घ्या' म्हणेपर्यंत ते गोळी हातात घेऊन उभे असायचे.

शेजारी इलाहीकाका राहत. इलाही मुल्ला, निवृत्त कंडक्टर. आप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठे, पण अजून त्यांना 'साहेब' म्हणत. ते अधूनमधून डोकावून जायचे. तरी कुणाच्या घरात माणूस किती वेळा डोकावणार?

मेच्या आठ तारखेला रजिस्टर पोस्टानं माझी ऑर्डर आली. जमीन मोजणी खात्याची परीक्षा मी आदल्या वर्षी दिली होती, आप्पा पडायच्या आधी. भूकरमापक म्हणून निवड झाली होती. नेमणूक नंदुरबारला. पंधरा जूनपर्यंत हजर व्हायचं होतं.

मी ऑर्डर वाचली आणि फळीवर डब्याखाली ठेवली.

"कसलं पत्र?" आप्पांनी विचारलं.

"नोकरीचं. नंदुरबारला आहे. नाही जायचं मला."

"का?"

"असंच. लांब आहे."

आप्पा म्हणाले, "चारची नाशिक आहे. पहाटे नाशिकला उतरायचं, तिथून नंदुरबारला गाड्या आहेत."

"आप्पा, मी गाडी विचारली नाही."

"उजव्या बाजूची खिडकी घ्यायची. डावीकडं ऊन येतं."

मी हसले आणि भाकरी थापायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर कागदावर दोनच चौकोन कोरे होते. कपड्यांच्या घड्या घातलेल्या होत्या, जरा वाकड्यातिकड्या, पण होत्या. आप्पांनी आंघोळ केलेली होती, केस ओले होते. जेवणाचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

"आप्पा! हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो."

तिसऱ्या दिवशी रात्री, दिवा लावून झाल्यावर बघितलं तर सगळे चौकोन भरलेले. चौथ्या दिवशीही. मी दोनला फोन केला की पलीकडून आवाज यायचा, "घेतली." मी 'घ्या' म्हणायच्या आधीच. पाच-सहा दिवसांनी मी फोन करणंही सोडून दिलं. रात्री आप्पा कमी जेवायचे. मी म्हणायची, भूक नाही का? ते म्हणायचे, दुपारी पोटभर झालं.

आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. मग एका रविवारी फळीवरची ऑर्डर काढून पुन्हा वाचली. मनात गणित मांडायला लागले. इलाहीकाकांच्या घरून, जुलेखाचाचींकडून, दोन वेळचा डबा. रोज संध्याकाळी फोन. दोन महिन्यांनी सुट्टी. कागद आहेतच. एकदम दोनशे छापून ठेवले तर?

भरलेले कागद घेऊन मी सांगलीला शुभदा मॅडमकडे गेले. त्यांनी एकेक कागद उलटला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा मागे जाऊन दोन-तीन कागद शेजारी शेजारी धरले. "सगळ्या खुणा किती सारख्या आहेत, नाही?"

"त्यांचं अक्षरच तसं आहे. छापल्यासारखं."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या."

घरी येताना मी स्टँडवरून नंदुरबारच्या गाड्यांची चौकशी करून आले. आप्पांनी सांगितलेली वेळ बरोबर होती.

पंचवीस मे. ऑफिसात साडेदहाला वीज गेली ती आलीच नाही. बारापर्यंत वाट बघून साहेबांनी सगळ्यांना घरी सोडलं. उन्हाचं चालत आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आप्पा पलंगाच्या काठावर बसले होते. अंगात रात्रीचाच सदरा होता. सकाळी मी बादलीशेजारी काढून ठेवलेला टॉवेल तसाच घडीत होता. ताटावर ताट झाकलेलं, खाली भाजी-भाकरी जशीच्या तशी. कुंड्यांतली माती कोरडी ठणठणीत. मला बघून आप्पा उठले नाहीत, फक्त त्यांचा हात पॅडकडे गेला आणि मधेच थांबला.

मी पॅड खिळ्यावरून काढलं.

सगळे चौकोन भरलेले होते. आंघोळ, पेपर, पाणी, जेवण, गोळी, घड्या. सगळ्यात खाली, सातला देवापुढे दिवा. त्याच्यापुढेही खूण होती. तीच, छापल्यासारखी.

"आप्पा, किती वाजले?"

"बारा पस्तीस."

"आणि दिवा कितीला लावायचा असतो?"

आप्पांनी देवाकडं बघितलं.

"गोळी कितीला?"

"दोनला."

"मग?"

मी स्वयंपाकघरात गेले. गोळ्यांच्या पाकिटातले कप्पे मोकळे होते, जितके असायला हवेत तितकेच. मला जरा बरं वाटलं. मग परत पलंगाशी आले, उशी झटकावी म्हणून उचलली, तर खाली काड्यापेटी होती. आमच्या घरात कुणी विडी ओढत नाही. पेटी उघडली. आत पांढऱ्या गोळ्या. मोजल्या, चौदा होत्या.

चौदा दुपारी. एखाद्या दुपारी ते एकटे पडले असते, दाताखाली जीभ आली असती, आणि मी संध्याकाळी सहाला येऊन दार उघडलं असतं.

मी अंगणात जाऊन इलाहीकाकांना हाक मारली. माझा आवाज ऐकून ते चप्पल न घालताच आले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा हातातल्या पॅडकडं, आणि दारातच खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

"बेटा, साहेबांनी शपथ घातली होती."

"काय माहीत होतं?"

"रोज साडेचारला मी यायचो," काका म्हणाले. "त्यांना आंघोळ घालायचो, जेवायला बसवायचो, घड्या घालायचो. तू सहाला यायच्या आत सगळं. मला वाटलं, काही वाईट तर नाही. उशिरा का होईना, होतंय. त्यांचाही जीव शांत राहील आणि तुझाही."

"आणि ही गोळी?" मी काड्यापेटी पुढं केली.

काकांनी पेटी हातात घेतली. "ही मला नाही सांगितली," ते हळू म्हणाले. "साहेब, ही नाही सांगितलीत तुम्ही."

आप्पा काड्यापेटीकडे बघत होते.

"टाकून दिल्या नाहीत," ते म्हणाले. "औषध आहे."

मला रडू यायच्या ऐवजी राग आला. इतके महिने मी त्यांच्यावर एकदाही ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हणाले, "कशासाठी केलंत हे? मला फसवून काय मिळालं?"

आप्पांना उत्तर द्यायला वेळ लागायचा. त्या काळात मी नेहमी मधेच बोलायची, त्यांचं वाक्य मीच पुरं करायची. त्या दिवशी दमले होते म्हणून थांबले.

"तू जात नव्हतीस," आप्पा म्हणाले.

इलाहीकाका उठले आणि घरी गेले.

मी आप्पांना गोळी दिली, जेवायला वाढलं. ते जेवत असताना समोर बसून ऑर्डरला उत्तर लिहायला घेतलं. घरगुती अडचणीमुळे नेमणूक स्वीकारू शकत नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी. दुसरी ओळ पुरी होईना. आप्पा घास हातात घेऊन माझ्या कागदाकडं बघत होते.

"बघताय काय? जेवा."

"हो."

"एक सांगा," मी म्हणाले. राग अजून पुरता गेला नव्हता. "स्टँडवर कुणी असं केलं असतं तर? गाडी आलीच नाही आणि आली म्हणून लिहिली?"

"मेमो," आप्पा लगेच म्हणाले.

"तुम्ही कधी लिहिलंत असं?"

"नाही."

"सव्वीस वर्षांत एकदाही?"

"नाही." त्यांनी घास ताटात ठेवला. मी पेन खाली ठेवलं. खिळ्यावरच्या पॅडकडं बोट करून ते म्हणाले, "तो तक्ता बरोबर नाही."

"काय बरोबर नाही त्यात?"

"उशिराला जागा नाही."

"म्हणजे?"

"झालं किंवा नाही झालं, एवढंच आहे त्यात." एकेक शब्द शोधून काढावा तसे ते बोलत होते. "गाडी अशी नसते. येतेच. पंक्चर होते, घाटात अडकते. दीड तासानं येते. पण येते. मग लिहायचं. नव्वद मिनिटं उशीर, कारण पंक्चर. त्याला कुणी काही म्हणत नाही. तुझ्या तक्त्यात नऊचे सव्वानऊ झाले की चौकोन गेला. मग मी बसून राहतो."

पडल्यापासून आप्पा एका दमात इतकं बोलले नव्हते. त्यांनी हात धुतले. तेही मी न सांगता. मग उठले, कपाटाशी गेले, वरच्या कप्प्यात चाचपडून लोखंडी पट्टी काढली आणि येऊन जमिनीवर बसले. भरलेल्या एका कागदाची मागची बाजू वर केली.

"पेन दे."

मी माझ्या हातातलं दिलं.

त्यांनी रेघा मारल्या. पट्टी घट्ट धरली होती. पाच रकाने. वर लिहिलं: काम. ठरलेली वेळ. प्रत्यक्ष वेळ. उशीर मिनिटे. कारण. मग थोडं थांबून खाली उजव्या कोपऱ्यात 'सही' लिहून पुढं रेघ ओढली.

"कारणाचा रकाना मोठा पाहिजे," म्हणाले. "तिथं लिहायला लागतं."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो तसाच कॉम्प्युटरवर काढला आणि छापून आणला. कारणाचा रकाना निम्म्या कागदाएवढा ठेवला.

पहिल्या दिवशीचा कागद मी जपून ठेवला आहे. आंघोळ: ठरलेली वेळ ९.००, प्रत्यक्ष ११.४०, उशीर १६०. कारण: बादली भरली. पुढे काय ते सुचेना. पाणी गार झाले म्हणून ओतले. पुन्हा भरली. साबण दिसल्यावर सुचले. कुंड्या: ११.००, प्रत्यक्ष १२.१०. कारण: झारी सापडली नाही. होती. गोळी: २.००, प्रत्यक्ष २.३५. कारण: गोळी हातात घेतली, पाणी आणायला गेलो, तिथे गोळी कशासाठी ते विसरलो. घड्या: रद्द. कारण: कंटाळा.

'रद्द' वाचून मला हसू आलं. आप्पाही हसले, तोंडातल्या तोंडात.

कागद घेऊन मी बाथरूममध्ये गेले आणि साबण बादलीच्या आतच ठेवला. दुसऱ्या दिवशी आंघोळीचा उशीर पन्नास मिनिटांवर आला. गोळीच्या डबीला पाण्याच्या तांब्याशी दोरीनं बांधून टाकलं. गोळी वेळेवर यायला लागली. झारी कुंडीतच उभी केली. इतके दिवस मला नुसत्या खुणा दिसत होत्या, नाहीतर कोरे चौकोन. काम कुठं अडतं हे आप्पांना माहीत होतं, पण ते सांगायला त्यांना जागा नव्हती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

आप्पांना घेऊन सांगलीला गेले तेव्हा शुभदा मॅडमनी कारणांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. चौदा गोळ्यांचंही मी सांगितलं, लपवलं नाही. त्या आप्पांना म्हणाल्या, "सुतारसाहेब, हा फॉर्म मला द्याल का? माझ्या दुसऱ्या लोकांना देईन म्हणते."

"द्या," आप्पा म्हणाले. "नोंद खरी करायला सांगा."

दहा जूनपर्यंत दोनची गोळी सलग तेरा दिवस वेळेवर झाली होती. मी रोज फोन न करता, संध्याकाळी पाकीट आणि कागद दोन्ही ताडून बघत होते. इलाहीकाकांनी दोन वाजता फक्त खिडकीतून बघायचं, हात लावायचा नाही, असं ठरलं. आंघोळ कधी साडेनऊला व्हायची, कधी साडेअकराला. पण व्हायची.

अकरा तारखेला आप्पांनी स्वतःच विचारलं, "त्या पत्राला काय उत्तर दिलंस?"

"अजून दिलं नाही."

"चारची नाशिक," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी गेले आणि एखाद्या दिवशी काही झालं तर?"

त्यांनी विचार केला. "तू असलीस तरी होईल एखाद्या दिवशी," म्हणाले. "सव्वीस वर्षं मी खिडकीत बसलो. गाडी कुठं बंद पडायची ती पडलीच. मी तिथं जाऊन धक्का मारला नाही."

चौदा तारखेला मी निघाले. त्या दिवशीच्या कागदावर आप्पांनी आपल्या हातानं एक ओळ वाढवली होती: स्टँडवर जाणे, वैजूला सोडण्यास. ठरलेली वेळ ३.४५.

माझ्याबरोबरच चला म्हणून मी खूप सांगितलं. ते ऐकेनात. म्हणाले, तू सामान घेऊन पुढं हो, मी येतो, लिहिलंय. इलाहीकाका म्हणाले, साहेब, मी स्कूटरवर आणतो तुम्हाला. तर म्हणाले, नको. पडल्यापासून आप्पा घराबाहेर एकटे गेले नव्हते. स्टँड चालत पंधरा मिनिटांवर. वाटेत मोठा चौक.

नाशिक गाडी पावणेचारला लागली. उजव्या बाजूची खिडकी मिळाली. इलाहीकाकांनी बॅगा वर टाकल्या. मी फाटकाकडं बघत बसले. पांढरा सदरा दिसला की मान वर करायची. चारला पाच कमी. चारला दोन कमी. ड्रायव्हर चढला.

"काका, मी उतरते."

"अजिबात नाही." काकांनी खालून खिडकीचा गज धरला. "तू उतरलीस तर मला ते जन्मभर बोलतील. पोचलं की फोन कर. मी बघतो घरी."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी दोन्ही बाजूंचा रस्ता बघितला. आप्पा नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर पलंगाचा काठ होता आणि हातात चप्पल घेऊन बसलेले आप्पा. गाव मागं पडलं तरी तेच दिसत होतं.

सातच्या सुमाराला गाडी एका हॉटेलापाशी थांबली. मी काकांना फोन लावला.

"ठीक आहेत," काका म्हणाले. "जेवतायत. चाचीनं खिचडी दिलीय."

"घरीच होते ना? चप्पल घातली नव्हती ना?"

पलीकडं काका कुणाशी तरी बोलले. मग म्हणाले, "बाकीचं कागदात येईल म्हणतात."

"द्या त्यांना फोन."

"जेवतायत बेटा. तू पोच आधी."

त्यानंतर आप्पा नऊ वर्षं जगले. एकदा फिट आली, मी तिथं नसतानाच, आणि काकांनी त्यांना सांभाळलं. मी नंदुरबारहून पुढं धुळ्याला गेले, मग बदली घेऊन सांगलीला आले आणि शेवटची चार वर्षं ते माझ्याबरोबर होते. नऊ वर्षांत त्यांच्या आंघोळीला नऊ वाजता क्वचितच सुरुवात झाली.

पण मला सांगायचं आहे ते नंदुरबारच्या पहिल्या आठ-दहा दिवसांचं. रोज फोन व्हायचा. आप्पा म्हणायचे, बरंय. दुसरं काही विचारलं की, कागदात आहे. दहाव्या दिवशी ऑफिसच्या पत्त्यावर पाकीट आलं. मोजणीला निघायचं होतं, जीप बाहेर उभी होती. मी उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. सात कागद, तारखेनं लावलेले. सगळ्यात वर चौदा जूनचा.

स्टँडवर जाणे, वैजूला सोडण्यास. ठरलेली वेळ ३.४५. प्रत्यक्ष ४.३५. उशीर ५०. कारण: सदऱ्याची बटणे. कुलूप लावले, किल्ली आत राहिली का पाहिले, खिशात होती. चौकात थांबलो, एक बाई ओलांडत होत्या त्यांच्याबरोबर ओलांडला. गाडी गेलेली.

त्याखाली आणखी एक ओळ होती.

घरी परत. ठरलेली वेळ ४.३०. प्रत्यक्ष ६.२०. उशीर ११०. कारण: कंट्रोलरच्या खिडकीशी बाकावर बसलो. नवीन बाई आहेत, ओळखत नाहीत. चारची नाशिक वेळेवर सुटली का ते विचारले. वही बघून म्हणाल्या, बरोबर चारला सुटली. समाधान वाटले. इलाही शोधत आला. त्यालाही बसवून घेतले. सहाची कराड पाहून निघालो.

खाली सही होती, पूर्ण नावाची, पदासकट.